जपून जपून अवघडलेला हात

ज्या बाईच्या काखेत टाके पडलेत आणि जिच्या हातातून घरच्यांनी पाण्याचा तांब्यासुद्धा काढून घेतलाय, तिच्यासाठी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही, फक्त वाचून झाल्यावर मला सल्ला द्यायला येऊ नका. सल्ले मी पोटभर खाल्लेत. आजारपणात भूक मेली होती तेव्हासुद्धा सल्ले मात्र तिन्ही त्रिकाळ ताटात होते.

मी मंदा. रोहा तालुक्यात, खांबच्या जवळ आमचं गाव. भाताची शेती, आणि भात निघाला की त्याच जमिनीत वाल. घरात मी, मालक आणि सासूबाई. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडे बायका असंच म्हणतात. मालकी कोणाची चालते ते घरी येऊन बघावं. मुलगा नितीन डोलवीला कंपनीत कंत्राटावर आहे. पेणला खोली घेऊन राहतो आणि शिफ्ट सुटली की जिममध्ये जाऊन घाम गाळतो.

मला छातीचा कॅन्सर झाला, उजव्या बाजूला. आता हे मी सरळ लिहिते. तेव्हा आमच्या घरात त्याला नावच नव्हतं. सासूबाई शेजारणीला हळू आवाजात सांगायच्या, "तिला ते झालंय गो." जणू नाव घेतलं तर ते ओ देऊन घरात येईल.

चपला

गाठ मला लावणीच्या दिवसांत लागली होती, अंघोळ करताना. दुखत नव्हती म्हणून मी तिला कामं संपेपर्यंत थांबायला सांगितलं. दुखत नाही म्हणजे काही नाही, हा माझा पहिला गैरसमज. मग पेणच्या डॉक्टरांनी तपासलं, तुकडा काढून मुंबईला पाठवला आणि रिपोर्ट घ्यायला आम्हा दोघांना बोलावलं.

डॉक्टर चांगले होते. हळू बोलले, समजेल असं बोलले. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "काही विचारायचंय?" मालकांनी घसा खाकरला आणि विचारलं, "कापणीपर्यंत बरी होईल ना?"

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! बायको मरायला टेकलीय आणि ह्यांना कापणीचं पडलंय. दवाखान्यातून मी ह्यांच्या पुढेच बाहेर पडले. रागारागात पायरी उतरताना चपलेचा अंगठा तुटला. ती फरफटत चालले तर ह्यांनी मला बाजारातल्या दुकानात नेऊन बसवलं. दुकानदाराने एक जोड दाखवला, म्हणाला, "ही घ्या, वर्षभर बघायला नको."

मालक म्हणाले, "वर्षाची नको. चार-पाच वर्षं टिकेल अशी दाखव."

तेव्हा मला कळलं की त्या माणसाला काहीतरी विचारायचं होतं आणि खरं विचारायचं होतं ते तोंडातून निघालं नव्हतं. मी दुकानातच रडायला लागले. दुकानदार बिचारा घाबरून म्हणाला, "ताई, दुसरा रंग दाखवू का?"

वॉर्ड

आधी केमो, मग ऑपरेशन, मग शेक. शेक म्हणजे किरणांचा. वॉर्डातल्या सगळ्या बायका तसंच म्हणायच्या. केमोचं मी फार सांगत नाही. केस गेले, तोंडाची चव गेली, मासळीच्या वासाने उलटी व्हायची. कोकणातल्या बाईला मासळीचा वास नको वाटावा यापेक्षा मोठा आजार कुठला?

पेणच्या डॉक्टरांनी मुंबईच्या ज्या हॉस्पिटलात पाठवलं, तिथे दिवस सकाळी ताप मोजण्याने सुरू व्हायचा. मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग वाट बघणं. वाट बघणं हेच तिथलं मोठं काम. माझ्या शेजारच्या खाटेवर हिंगोलीकडची एक बाई होती. तिने समुद्र बघितला नव्हता आणि मी तिच्याकडची ज्वारी. दोघींना एकमेकींची निम्मी भाषा कळायची नाही, पण नळी लावलेल्या हाताने तिने मला तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी वाढली आणि कित्येक दिवसांनी माझ्या जिभेला काहीतरी तिखट लागलं. तिचं भलं होवो.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणारी एक मुलगी आली. मला भिंतीसमोर उभं केलं, उजव्या हाताची बोटं भिंतीवर टेकवायला लावली आणि म्हणाली, "मुंगी चढते तशी वर चढवा." कमरेपासून छातीपर्यंत माझी मुंगी कशीबशी चढली. घरी गेल्यावर रोज करायचं, थोडं थोडं वाढवत न्यायचं, असं तिने दोघांनाही बजावलं. मालकांनी मान डोलावली.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "हॉस्पिटलात करून घेतात ते ठीक हाय. तिथं डॉक्टर जवळ हाय. घरी टाका सुटला तर मी काय करू?"

मलाही ते पटलं.

माझं राज्य

घरी माझं राज्य सुरू झालं. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची झोळी करून माझा हात गळ्यात बांधला. मालकांच्या मावशीची जाऊ आहे, माणगावकडची. तिने म्हणे असल्याच ऑपरेशननंतर भरली कळशी उचलली आणि तिचा हात सुजून दुप्पट झाला, तो परत उतरलाच नाही. ही गोष्ट आमच्या घरी इतक्या वेळा सांगितली गेली की त्या बाईचा हात मला डोळ्यांसमोर दिसायचा. त्यामुळे मी तांब्याला हात लावला की सासूबाई ओरडायच्या, "ठेव! ठेव खाली!" मी खुर्ची सरकवली की मालक धावायचे. भाकरी मोडून द्यायचे, पदर सावरून द्यायचे. चहा हातात यायचा.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. लग्न होऊन आल्यापासून मला कोणी बसल्या जागी चहा दिला नव्हता. आजारी माणसाने पडून राहायचं, अंगात ताकद आली की मग हलायचं, असं आम्हाला वाटायचं. हललं नाही तर ताकद येणार कुठून, हा प्रश्न आमच्या तिघांपैकी एकालाही पडला नाही.

खाण्याचं तर विचारू नका. सासूबाईंनी वाल बंद केला, वातूळ म्हणून. वांगं बंद. आंबट बंद. मोबाइलवर कोणाचं तरी आलं की गोड आणि भात खाल्ला की गाठ वाढते, म्हणून भात बंद! भाताच्या कोठीला पाठ लावून बसलेली मी, आणि माझ्या ताटात भात नाही. सकाळी बिटाचा रस, दुपारी डाळिंबाचा रस, संध्याकाळी कसल्यातरी पानांचा रस. ओठ, जीभ सगळं लाल, आणि अंगाची नुसती काडी झालेली.

नितीनची तऱ्हा निराळी. सुट्टीला आला तो काखेत कळशीएवढा प्लॅस्टिकचा डबा घेऊन. "आई, प्रोटीन हाय. आमच्या जिममधी सगळे घेतात." सासूबाईंनी तो डबा उघडून हुंगला आणि म्हणाल्या, "ह्याने पोर फुगलाय व्हय! आणि मी म्हणते बाळसं धरलं." त्यांनी तो डबा फळीवर पार मागे सरकवून ठेवला.

दांडा

शेकाच्या तयारीला मुंबईला गेलो. मला वाटलं होतं नुसतं झोपायचंय. मशीनच्या पाटावर झोपवलं आणि तिथली मुलगी म्हणाली, "मावशी, उजवा हात डोक्याच्या वर घ्या. मागे दांडा आहे, तो धरा."

मी हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि थांबला. माझा हात, आणि माझं ऐकेना! काखेतून कोपरापर्यंत आत दोऱ्या ताणल्यासारखं झालं. मुलीने हळूच आधार दिला तर माझ्या तोंडून किंकाळी फुटली. दांडा माझ्या बोटांपासून कितीतरी लांब होता.

डॉक्टर आल्या. रागावल्या नाहीत, त्याने मला जास्त भीती वाटली. म्हणाल्या, "हात वर गेल्याशिवाय किरणं नीट जागेवर देता येत नाहीत. मध्ये हात येतो. तीन आठवड्यांनी या. पण त्याच्या पुढे मला हे लांबवायचं नाही. उशीर केला तर आतापर्यंत केलंय त्याचा उपयोग कमी होतो."

बाहेर बाकावर मालक माझी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. "झालं?" म्हणाले. मी म्हटलं, "नाय झालं. हात वर जात नाय. गेला नाय तर शेक नाय." त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ते माझ्या गळ्यातल्या झोळीकडे बघत राहिले.

पेणच्या मॅडम

नितीनने पेणमध्ये फिजिओथेरपीच्या मॅडम शोधल्या. स्नेहल मॅडम, वयाने माझ्या भाचीएवढ्या, पण नजर करडी. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर झोळी सोडली, घडी घालून मालकांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही आता भाजी आणायला वापरा."

मग माझे प्रश्न. मी म्हटलं, "मॅडम, मी जन्मभर भाताचे भारे वाहिलेत. मला कसला व्यायाम?"

"भारे वाहिलेत म्हणूनच हा हात परत येईल. पण तुमचं काम सगळं अंग मिळून करत होतं. आता हा खांदा मागे राहिलाय. त्याला एकट्याला धरून शिकवावं लागेल."

"आणि हात सुजला तर?"

"सूज येऊ शकते. लक्ष ठेवायचं. बांगडी घट्ट वाटली, हात जड वाटला की मला सांगायचं. पण हात गळ्यात बांधून सूज टळत नाही. हळूहळू वजन वाढवत नेलं तर हात मजबूत होतो, आणि मजबूत हाताला त्रास कमी होतो." मग मालकांकडे वळून म्हणाल्या, "काका, एकदम भरली कळशी उचलणं वेगळं आणि रोज थोडं थोडं उचलणं वेगळं."

मालक झोळीची आणखी एक घडी घालत राहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर माणगावची बाई उभी असणार.

मॅडमकडे रोज यायचं तर आमच्या गावाहून येणं जमण्यासारखं नव्हतं. माझं माहेर जोहे, पेणपासून एसटीने थोडंसं. दादाचा तिथे गणपतीचा कारखाना आहे, घराला लागूनच. मी माहेरी राहायला गेले. मालक एक दिवसाआड येतो म्हणाले. मी म्हटलं, "वाल राखायला कोण?" म्हणाले, "वालाला मी नसलो तरी शेंग धरते."

फळ्या

मॅडमनी विचारलं होतं, "घरी वजनासाठी काय आहे? पाण्याची बाटली चालेल." मी म्हटलं, "मॅडम, माझ्या माहेरी गुडघ्यापासून छतापर्यंत फळ्या हायत, आणि त्याच्यावर वीतभर गणपतीपासून माझ्याएवढ्या गणपतीपर्यंत सगळी मापं हायत." त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "उद्या फोटो दाखवा."

जोह्यात मूर्ती साच्यातून काढली की सुकायला फळीवर चढते. कच्च्या, पांढऱ्या, बिनरंगाच्या मूर्ती. मॅडमनी ठरवून दिलं. सकाळी भिंतीवर मुंगी. मग हातात मोजा घालून, कातडीला ओरखडा येता कामा नये म्हणून, सर्वांत लहान सुकलेली मूर्ती खालच्या फळीवरून उचलायची आणि कमरेच्या फळीवर ठेवायची. ती फळी सोपी वाटली की वरची. वरची सोपी वाटली की मूर्ती एक माप मोठी, पण फळी परत खालची. प्लॅस्टरच्या गोणीला आणि ओल्या मूर्तीला हात लावायचा नाही.

पहिल्या दिवशी मूर्ती हातात अशी कलली की मी म्हटलं, "वहिनी, पडेल गो. पाप लागेल मला." वहिनी साच्याला तेल लावत होती. मान वर न करता म्हणाली, "अजून डोळे नाय काढलेत त्याचे. पडला तरी कोणी पाडला ते दिसणार नाय त्याला." कारखान्यातल्या सगळ्या बायका हसल्या आणि हसता हसता माझी मूर्ती कमरेच्या फळीवर बसली.

दादा दिवसभर माझ्या मागे चिडवत फिरायचा. "मंदे, तुला कामावर ठेवतो, पण वेगाने काम करणार असशील तरच." वहिनीला निराळीच काळजी. "वजन उचलून दंड फुगतात म्हणे. तुझे ब्लाऊज उसवायला लागले तर?" मी तिला माझा दंड दाखवला. त्यावर लोंबणारं कातडं बघून ती आत गेली आणि माझ्यासाठी दोन अंडी उकडून घेऊन आली.

खाण्याचं कोडंही मॅडमनीच सोडवायला लावलं. हॉस्पिटलातल्या आहाराच्या बाईंना माझ्यासमोर फोन लावून दिला. मी एकेक विचारत गेले. भात? खा. वाल? पोटाला सोसतो ना, मग खा. मासे? पोटाला चालतात तेवढे. अंडी, डाळ, दही सगळं खा. "नुसत्या रसावर दंडाला मांस कसं येईल, मावशी? हात काम करणार, तर त्याला खायला नको?" डब्यातल्या पावडरीचं विचारलं तर म्हणाल्या, जेवण नीट जात असेल तर तिची गरज नाही, आणि तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नकोच. सोबत आलेल्या नितीनचं तोंड उतरलं.

मी तिथूनच सासूबाईंना फोन लावला. "आई, वाल चालतो." त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "आणि भात?"

"भात पण."

"मग एवढे दिवस उपाशी ठेवलं म्हणायचं तुला मी," असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. दुसऱ्या खेपेला मालक आले तेव्हा डब्यात मोड आलेल्या वालाचं बिरडं होतं, एकेक दाणा सोललेला. सासूबाईंच्या डोळ्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. बोटांनी चाचपून चाचपून सोललं असणार. मी ते बिरडं आणि भात खाल्ला, वहिनीने मागितलं तरी दिलं नाही.

दुखलं पाहिजे

सगळं असं सरळ गेलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

तीन आठवडे संपत आले होते आणि माझा हात कानाशी येऊन अडला होता. कानाच्या पुढे जाईना. नितीन शिफ्ट संपवून जोह्याला आला. म्हणाला, "आई, तू घाबरत घाबरत करतेस. दुखलं पाहिजे. दुखलं नाय तर काय झालंच नाय." आमच्या जिममधी असं, आमच्या जिममधी तसं. मलाही घाई झालेलीच. त्याने ओढणी दाराच्या वरच्या कडीला अडकवली, टोक माझ्या हातात दिलं आणि आम्ही मायलेकरांनी खांदा ओढला. घामाने पाठ भिजली तेव्हा तो म्हणाला, "आता कसं! आता झाला व्यायाम." मी जोशात येऊन एक फुटी मूर्ती उचलली आणि छातीच्या फळीवर ठेवली. दादा "अगो, अगो" म्हणेपर्यंत ठेवलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी बांगडी रुतली. हात जड, बोटं फुगलेली. आणि नेमके त्याच सकाळी मालक वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन दारात उभे.

त्यांनी माझा हात बघितला. पिशवी खाली टाकली. आमचे मालक चढ्या आवाजात बोलणारे नव्हेत, पण त्या दिवशी सगळा कारखाना थांबला. "दादा, बायकोला तुझ्याकडे ठेवली ती हमाल करायला?" दादा खाली मान घालून उभा. नितीन काहीतरी बोलायला गेला तर त्याला म्हणाले, "तू तोंड उघडू नको." मग मला, "कपडे भर. घरी चल."

मी म्हटलं, "नाय येणार."

"हात बघ तुझा!"

"बघितला. घरी नेऊन काय कराल? परत गळ्यात बांधाल? बांधा. जपून ठेवा. पण शेक नाय झाला तर हा जपलेला हात घेऊन मी किती दिवस बसणार हाय तुमच्या घरात? सांगा ना!"

एवढं मी बोलायला नको होतं. ते जिथे उभे होते तिथेच, प्लॅस्टरच्या भुकटीत, खाली बसले. इतक्या माणसांसमोर. म्हणाले, "मला भीती वाटते गो. मला दुसरं कायच करता येत नाय. तुझं दुखणं घेता येत नाय, तर निदान तुझी पिशवी तरी उचलतो." मग मीही खाली बसले. वहिनीने बायकांना चहाच्या नावाखाली बाहेर काढलं.

तसेच आम्ही पेणला गेलो. मॅडमनी हात मोजला, दाबून बघितला, आणि आधी नितीनला फोनवर असं झापलं की मला वाईट वाटलं. मग मला म्हणाल्या, "थोडं ताणल्यासारखं वाटणं चालेल. कळ आली की थांबायचं. दुखणं म्हणजे काय बक्षीस आहे का? आणि घाम उन्हात बसलं तरी येतो." दोन दिवस नुसता आराम, हात उशीवर उंच ठेवायचा. आरामसुद्धा व्यायामाचाच भाग, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सूज उतरेल म्हणाल्या, आणि खरंच उतरत गेली.

मालकांना मात्र त्यांनी वेगळंच औषध दिलं. "काका, तुम्ही आता इथेच राहा. ती करेल तेव्हा समोर बसायचं. हात धरायचा नाही, ओढायचा नाही, 'पुरे' म्हणायचं नाही. नुसतं बघायचं."

मला मूर्ती उचलायला जेवढं जड गेलं असेल, त्याच्या दुप्पट त्यांना ते जड गेलं. समोर गोणीवर बसायचे, दोन्ही हात मांडीखाली दाबून. माझी मुंगी भिंतीवर वर वर जायची आणि ह्यांचे ओठ आत ओढलेले. कळ आली की मी थांबत होते, श्वास घेत होते, परत चढवत होते. वीतभर मूर्ती एकदा डोळ्यांसमोरच्या फळीवर गेली. मग एकदा कपाळासमोरच्या. जायच्या आदल्या दिवशी डोक्यावरच्या फळीला बोटं लागली, पण मूर्ती ठेवता आली नाही. मी ती वहिनीच्या हातात परत दिली. तेवढ्या उंचीवर हात किती वेळ टिकेल ते मला ठाऊक नव्हतं, आणि मशीनखाली तो टिकवायचाच होता.

लाल दिवा

परत तोच पाट. तीच मुलगी. "मावशी, दांडा धरा."

मी श्वास घेतला. हात कानाशी आला, थांबला, काखेत ताण बसला. मी थांबले. परत श्वास. मग हात कानाच्या मागे गेला आणि माझ्या बोटांना गार लोखंड लागलं. मी मूठ आवळली. मुलगी म्हणाली, "अरे वा!" मी म्हटलं, "वा नंतर म्हण बाय, आधी तुझं काम कर."

त्या दिवशी मापं झाली, आणि पुढच्या खेपेला पहिला शेक. मुलगी म्हणाली, "आता अजिबात हलायचं नाही. आम्ही सगळे बाहेर जाणार. दारावर लाल दिवा लागेल, तो जाईपर्यंत हात तसाच." जाड दार बंद झालं. खोलीत मी आणि मशीन. काखेतल्या दोऱ्या परत ताणल्या. मला आठवत होतं ते एवढंच की हा हात माझा आहे आणि तो आता दुसरं कोणी धरणार नाही. मशीन गुणगुणत माझ्याभोवती फिरलं, थांबलं, परत फिरलं. मी दांडा सोडला नाही.

दार उघडलं. मुलगी हसत होती. मला वाटलं मला हसतेय. म्हणाली, "मावशी, काका बघा बाहेर."

बाहेर बाकावर मालक बसले होते. ताठ, डोळे दारावरच्या दिव्यावर लावलेले, आणि उजवा हात डोक्याच्या मागे नेऊन बाकाच्या मागचा खिडकीचा गज घट्ट धरलेला. आजूबाजूचे पेशंट त्यांच्याकडे बघत होते. शेजारची म्हातारी मला म्हणाली, "दिवा लागला तसा ह्यांनी हात वर केला. मी विचारलं काय होतंय, तर नुसतं दिव्याकडे बोट दाखवलं."

मी म्हटलं, "अवो, झालं. दिवा गेला. हात खाली घ्या."

"घेतो," म्हणाले. पण हाताला मुंग्या आलेल्या, तो खाली येईना. गज सुटेना. मग मी त्यांच्यासमोर उभी राहिले, माझा उजवा हात वर नेला, त्यांची बोटं एकेक करून गजावरून सोडवली, आणि त्यांचा हात धरून हळूहळू खाली आणला.